मुलांच्या जुन्या अमेरिकन रेकॉर्ड्सचा खोका: काय ओळखायचं, किंमत कशी ठरवायची

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतल्या एका एस्टेट सेलमध्ये (घरातलं सगळं सामान विकायला काढतात त्या विक्रीत) मुलांच्या जुन्या रेकॉर्ड्सचा खोका १५ डॉलरला मिळाला. साठेक नग आहेत. लहान पिवळ्या तबकड्या, गोष्टीच्या पुस्तकासकट डिस्नेच्या, काही जड काळ्या, दोन-तीन चित्रं छापलेल्या, आणि आईने भारतातून आणलेल्या एचएमव्हीच्या मराठी बालगीतांच्या दोन ईपी (मोजक्या गाण्यांच्या लहान तबकड्या) आता त्याच खोक्यात आहेत. यात मोलाचं काही आहे का, वर्ष कसं ओळखायचं, धुवायच्या का आणि विकायच्या कुठे?

सगळ्यात आधी दोन गोष्टी करू नका. काहीही लगेच धुऊ नका. आणि 'नीट लावून ठेवू' म्हणून तबकड्या कव्हरांतून काढून आकाराप्रमाणे रचू नका. मुलांच्या रेकॉर्ड्समध्ये पैसा तबकडीत कमी आणि कागदात जास्त असतो: कव्हर, आत शिवलेलं चित्रांचं पुस्तक, कापून खेळायची पानं, पोस्टर. कुठली तबकडी कुठल्या कव्हरात होती हे एकदा हरवलं की परत जुळवताना दिवस जातो. खोका जसा आला तसाच उघडा, प्रत्येक नगाचा पुढून-मागून फोटो काढा आणि कव्हरावरचा क्रमांक व तबकडीवरचा क्रमांक शेजारीशेजारी लिहून काढा. साठ नगांना दोन तास लागतील. पुढचं सगळं काम या यादीवर उभं राहतं.

आता अपेक्षा जमिनीवर आणू. 'जुनी म्हणजे महाग' हे इथे चालत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मुलंही लाखोंनी जन्मली आणि त्यांच्यासाठीच्या रेकॉर्ड्सही लाखोंनी निघाल्या. सुपरमार्केटच्या काउंटरवर, औषधांच्या दुकानात, खेळण्यांच्या फळीवर त्या चिल्लर पैशांत मिळत. १९४९ साली कोलंबिया कंपनीने काढलेलं, जीन ऑट्री या गायकाचं रुडॉल्फ रेनडिअरचं नाताळगीत इतकं खपलं, की आजही ते जवळपास प्रत्येक खोक्यात सापडतं आणि कोणी विकत घेत नाही. गाणं जितकं गाजलेलं तितक्या प्रती जास्त. मुलांनी ती तबकडी जमिनीवर घसरवली, कव्हरावर क्रेयॉनने नाव लिहिलं, पुस्तकातली अस्वलं रंगवली. म्हणून दुर्मिळ असते ती धड अवस्था. रेकॉर्ड सहसा दुर्मिळ नसते.

ओळखीची सुरुवात आकार, माल आणि वेग या तीन गोष्टींपासून करा. लेबल त्यानंतर वाचा.

आकारासाठी साधी पट्टी पुरते. साडेपाच-सहा इंच, सात इंच, दहा इंच, बारा इंच. वेग, म्हणजे तबकडी मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा, बहुतेक वेळा लेबलावर लिहिलेला असतो, पण आकारावरून तो गृहीत धरू नका, कारण इथेच लोक फसतात. सहा इंची पिवळी तबकडी ७८ च्या वेगाची असते. डिस्नेची सात इंची, पुस्तकासकटची रेकॉर्ड ४५ ची वाटते; पण ती बहुतेक ३३⅓ ची असते आणि तिचं भोकही एलपीसारखं (३३⅓ च्या मोठ्या तबकडीसारखं) लहान असतं. ४५ वर लावली की सांगणाऱ्या बाईचा आवाज खारीसारखा येतो आणि विकणारा 'रेकॉर्ड खराब आहे' असं लिहून मोकळा होतो.

माल ओळखणं थोडं सवयीचं काम आहे. जड काळी तबकडी लाखेची. दहा इंची असेल तर वजन साधारण २०० ग्रॅमच्या आसपास, वाकवायला गेलात तर मोडेल, म्हणून वाकवू नका. मधल्या भोकात बोट घालून ती तोला आणि कडेला नखाने हलकेच टिचकी मारा. अखंड असेल तर स्वच्छ टण् असा आवाज येतो; बारीक तडा असेल तर बद्द किंवा फाटका येतो. लेबलाखाली लपलेला तडा डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळतो. व्हिनाइल हलकं आणि लवचीक, टिचकीचा आवाज मऊ. तिसरा माल पॉलिस्टायरीन: साच्यात ओतलेलं कडक प्लॅस्टिक, टिचकीला व्हिनाइलपेक्षा कर्कश आवाज, आणि लेबल बहुधा वरून चिकटवलेलं, दाबून एकजीव केलेलं नसतं. स्टायरीनची तबकडी चकाकताना पाहून खूश होऊ नका. जड सुईने तिच्या खाचा लवकर झिजतात आणि ते दिसत नाही. ऐकलं की फक्त खरखर. पुठ्ठ्यावर पातळ प्लॅस्टिकचा थर दिलेल्या तबकड्या हा चौथा प्रकार, त्यांच्याबद्दल पुढे.

लाखेची एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकांना माहीत असायला हवी. अमेरिकन तबकड्यांतली लाख प्रामुख्याने हिंदुस्थानातून जायची, छोटा नागपूरच्या पळस आणि कुसुमाच्या झाडांवरच्या किड्यांची. युद्धामुळे हा पुरवठा आटला आणि १९४२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी सरकारने रेकॉर्ड कंपन्यांच्या लाखेच्या वापरात ७० टक्के कपात केली. जुन्या तबकड्या दळून त्याच मालातून नव्या काढल्या गेल्या. त्या काळातली न वापरलेली प्रतही सूं-सूं आवाज करते, तो तुमच्या सुईचा दोष नव्हे. मुलांच्या रेकॉर्ड्समध्ये पुठ्ठा आणि 'न फुटणारं' प्लॅस्टिक शिरायला या टंचाईने मदत केली. आणि ७८ चा वेग मुलांमध्ये १९६० च्या सुमारापर्यंत टिकला, त्याचं कारण घरगुती आहे: दिवाणखान्यात एलपीचा नवा प्लेअर आला, की जुना ७८ चा मुलांच्या खोलीत जायचा. म्हणून '७८ आहे म्हणजे १९५० च्या आधीची' हा तर्क इथे चुकतो.

वर्ष ठरवताना कव्हरावरच्या © समोरच्या सालावर विसंबू नका. ते बऱ्याचदा चित्राचं किंवा मूळ सिनेमाचं साल असतं. रेकॉर्ड त्यानंतर वीस वर्षांनीही छापलेली असू शकते. त्यापेक्षा कव्हराच्या मागचा पत्ता बघा. शहराच्या नावानंतर एक-दोन आकडे असतील, 'न्यूयॉर्क २०' असे, तर ती १९४३ ते १९६३ मधली टपाल-विभागांची पद्धत. पाच आकडी झिप कोड १ जुलै १९६३ ला सुरू झाला. तो असेल तर कव्हर त्यानंतरचं. वर्तुळातला 'पी', म्हणजे ℗, असेल तर १९७० च्या दशकातलं किंवा नंतरचं. अमेरिकेत ध्वनिमुद्रणाला केंद्रीय कॉपीराइटचं संरक्षण १५ फेब्रुवारी १९७२ पासून मिळालं. बारकोड दिसला तर साधारण १९८० च्या आसपासचं किंवा नंतरचं. डिस्नेच्या कव्हरावर 'वॉल्ट डिस्ने प्रॉडक्शन्स' असेल तर १९८६ च्या आधीचं, कारण त्या वर्षी कंपनीचं नाव बदललं. या खुणा कव्हराच्या आहेत; तबकडीबद्दल त्या 'याच्या आधीची नाही' एवढंच सांगतात. जुन्या छापाची कव्हरं गोदामात पडून असायची आणि नंतरच्या तबकड्याही त्यात घातल्या जायच्या.

कव्हराच्या पाठीवर त्याच मालिकेतल्या इतर रेकॉर्ड्सची यादी असते ना, ती बारकाईने वाचा. तुमची रेकॉर्ड क्रमांक १५ आणि यादी १४० पर्यंत जात असेल, तर हा पहिला छाप नाही हे उघड आहे. विक्रेते या ओळीकडे बघतच नाहीत.

तबकडीवर लेबल आणि खाचांच्या मधल्या कोऱ्या पट्टीत कोरलेले आकडे असतात. टॉर्च तिरपा धरून ते वाचा. लेबल चुकीचं चिकटू शकतं, कव्हर बदलू शकतं. कोरलेला क्रमांक मात्र त्या तबकडीचा स्वतःचा असतो.

जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचे संच असतील तर अजून एक गोंधळ होतो. 'अल्बम' हा शब्दच या बांधणीवरून आला, फोटोंच्या अल्बमसारखी आत कागदाची पाकिटं. दोन तबकड्यांच्या संचात पहिल्या तबकडीवर बाजू १ आणि ४, दुसरीवर २ आणि ३ असं दिसलं की लोक 'जोडी चुकली' म्हणून एक तबकडी बाहेर टाकतात. जोडी बरोबर असते. त्या काळच्या आपोआप तबकड्या टाकणाऱ्या प्लेअरसाठी ही मांडणी होती: आधी १ आणि २ वाजतात, मग गठ्ठा एकदाच उलटायचा. तीन तबकड्यांत १-६, २-५, ३-४ असं येतं.

आता तुमच्या खोक्यातल्या प्रकारांकडे.

सहा इंची पिवळ्या तबकड्या बहुतेक लिटल गोल्डन रेकॉर्ड्स असणार. सायमन अँड शुस्टर या प्रकाशकांनी आपल्या लिटल गोल्डन बुक्सच्या जोरावर १९४८ मध्ये ही मालिका काढली. सुरुवातीची किंमत २५ सेंट. प्लॅस्टिक पिवळं ते नारिंगी. हा रंग म्हणजे सोनं नव्हे, त्यांचा तो नेहमीचाच रंग. साध्या प्रती एकआकडी डॉलरच्या, पुष्कळदा एक-दोन डॉलरच्याच. दर चढतो तो दोन कारणांनी: कव्हर न दुमडलेलं, न लिहिलेलं, चारही कोपरे शाबूत असलेलं, किंवा विषय असा, की रेकॉर्ड्सबाहेरचा माणूसही तो शोधतो. टीव्हीवरचे काउबॉय, अवकाशयान, कार्टून पात्रं. मधलं भोक मोठं झालेलं असेल तर गाणं लहरत वाजतं. पेन्सिल घालून फिरवणाऱ्या मुलांची ती कृपा. या तबकड्यांच्या कव्हरांची मागची शिवण डिंकाची असते आणि ती उकलते. चिकटपट्टी लावू नका, उकललेली शिवण हा लहान दोष आहे, पिवळी पडलेली चिकटपट्टी मोठा.

सात इंची, मोठ्या भोकाची पिवळी ४५ असेल तर ती आरसीए व्हिक्टर कंपनीची असू शकते. आरसीएने १९४९ मध्ये ४५ चा वेग बाजारात आणला तेव्हा प्रत्येक प्रकाराला वेगळा रंग दिला होता: अभिजात संगीत लाल, कंट्री हिरवं, मुलांची पिवळी. हा रंगांचा थाट फार टिकला नाही, म्हणून पिवळं पारदर्शक व्हिनाइल सुरुवातीच्या काळाची खूण ठरतं. दीड इंचाचं भोक असल्याने वाजवायला मधला अडॉप्टर लागतो.

पीटर पॅन आणि क्रिकेट ही दोन लेबलं (म्हणजे रेकॉर्ड्सचे ब्रँड) खोक्यात नक्की असणार. पीटर पॅन तुमच्या शेजारच्या न्यूअर्कमधल्या सिंथेटिक प्लॅस्टिक्स कंपनीचं, क्रिकेट पिकविक कंपनीचं. स्वस्त माल, गाजलेली गाणी दुसऱ्याच गायकांनी म्हटलेली. यांना वेगवेगळं विकण्यात अर्थ नाही. अपवाद एक: पीटर पॅनचंच १९७० च्या दशकातलं पॉवर रेकॉर्ड्स हे लेबल. सुपरहीरो आणि विज्ञानकथांचे कॉमिक आणि सोबत सात इंची ४५. कॉमिक जमवणारे लोक हे घेतात, म्हणून पूर्ण आणि स्वच्छ संच दोनआकडी डॉलरला जातो. कॉमिकची पिन गंजलेली, मधलं पान सुटलेलं, कोपऱ्यात तबकडीचा गोल उठलेला असेल तर भाव झपाट्याने खाली येतो.

डिस्नेबद्दल जरा थांबून. डिस्नेलँड रेकॉर्ड्स हे लेबल १९५६ मध्ये सुरू झालं. त्याआधी डिस्नेची गाणी आरसीए व्हिक्टर, कॅपिटल, डेका, गोल्डन अशा इतरांच्या लेबलांवर निघत. त्यातला सर्वांत महत्त्वाचा संच १९३८ चा: व्हिक्टरने काढलेली हिमगौरीच्या सिनेमाची गाणी, संच क्रमांक जे-८, दहा इंची तीन तबकड्या, २५७३५ ते २५७३७. सिनेमाच्या मूळ ध्वनिपट्टीवरून निघालेला पहिला संच म्हणून तो ओळखला जातो, त्यामुळे सिनेमावाले, डिस्नेवाले आणि रेकॉर्डवाले असे तिघेही त्याच्या मागे असतात. तुमच्या जड काळ्यांमध्ये हे आकडे आधी शोधा. पण क्रमांक जुळला म्हणून उड्या मारू नका. मूळ बांधणी आणि तिन्ही तबकड्या असतील तरच तो संच.

डिस्नेलँडच्या बारा इंची 'स्टोरीटेलर' एलपींत कव्हरालाच पुस्तक बांधलेलं असतं. सात इंची वाचत-ऐकत मालिका १९६५ पासूनची, २४ पानी पुस्तक, आणि टिंकरबेल या परीची घंटी वाजली की पान उलटायचं. ही दोन्ही भरपूर सापडतात. पुस्तक उघडून पानं मोजा: मधल्या पिनांपाशी १२ आणि १३ वं पान समोरासमोर यायला हवं. एखादं जोडपान गळालं असेल तर गोष्टीत उडी पडते आणि घेणारा परत पाठवतो. पूर्ण, स्वच्छ प्रतीही बहुतेक एकआकडी डॉलरच्याच. इथे 'व्हिंटेज डिस्ने, अतिदुर्मिळ' अशा जाहिरातींत शंभर-दोनशे डॉलर मागितलेले दिसतात. मागायला काय जातं!

कॅपिटलचे 'रेकॉर्ड-रीडर' सापडले तर बाजूला ठेवा. १९४६ मध्ये कॅपिटलच्या अॅलन लिव्हिंग्स्टनने बोझो या विदूषकाला घेऊन हा प्रकार सुरू केला: दहा इंची दोन तबकड्या, मध्ये शिवलेलं २० पानी चित्रपुस्तक, आणि बोझोने शिट्टी वाजवली की पान उलटायचं. वर सांगितलेली डिस्नेची घंटी याच कल्पनेची धाकटी बहीण. प्रती खूप निघाल्या, पण पाठीचा कणा न फाटलेली प्रत कमी. कणा बोटाने दाबून बघू नका, चिकटलेला कापड-कागद सुटतो.

त्याहून जुनं म्हणजे बबल बुक्स, १९१७ पासूनची. हार्पर अँड ब्रदर्सचं पुस्तक आणि कोलंबियाने बनवलेल्या साडेपाच इंची तीन तबकड्या, पुस्तकातच पाकिटं. रेकॉर्ड आणि पुस्तक एकत्र विकण्याची चाल इथून रुळली. हे सापडलं तर तिन्ही तबकड्या त्याच पुस्तकाच्या आहेत का ते पाकिटावरच्या गाण्याच्या नावाशी ताडून बघा. जुन्या घरांत चार पुस्तकांच्या तबकड्यांची हमखास खिचडी झालेली असते. पाकिटं ठिसूळ असतात. तबकडी खेचून काढू नका. पाकिटाची कड किंचित फुगवून पुस्तक तिरपं करा, ती आपणच घसरते.

चित्रं छापलेल्या तबकड्या दोन जातीच्या असतात आणि त्यांच्या दरात मोठी तफावत आहे. पुठ्ठ्यावर चित्र आणि वर पारदर्शक थर, ही स्वस्त जात. १९४० च्या दशकाच्या शेवटी व्होकोसारख्या लेबलांनी अशा काढल्या. त्या वाकतात, थर सुटतो, कडा फुगतात. नाश्त्याच्या सीरियलच्या (कॉर्नफ्लेक्ससारख्या) खोक्याच्या पाठीवर छापलेल्या रेकॉर्ड्स हे त्यांचंच पुढचं रूप. कापलेली, सपाट प्रत एका दरात आणि न कापलेला अख्खा खोका कित्येक पट दरात जातो. दुसरी जात व्होग: डेट्रॉइटच्या सॅव्ह-वे इंडस्ट्रीजने फक्त १९४६-४७ मध्ये काढलेल्या दहा इंची तबकड्या, मध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा, वर रंगीत चित्र आणि व्हिनाइल. व्होग मुख्यतः मोठ्यांसाठी होतं, पण चित्रांमुळे मुलांच्या खोक्यात शिरलेलं असतं. वजन आणि कडेचा ताठपणा यावरून ते चटकन कळतं.

फिशर-प्राइसच्या खेळण्यातल्या रंगीत जाड प्लॅस्टिकच्या चकत्या असतील तर त्या रेकॉर्ड्स नव्हेत. ते १९७१ चं संगीतपेटीवालं खेळणं. चकतीवरच्या उंचवट्यांनी आतल्या धातूच्या पट्ट्या वाजतात. त्यांवर सुई ठेवू नका, सुई जाईल.

दर ठरवण्याआधी दर्जा ठरवायचा. अमेरिकन बाजारात गोल्डमाइन या रेकॉर्ड-संग्राहकांच्या मासिकाची पद्धत चालते: मिंट (अगदी कोरी), निअर मिंट (जवळपास तशी), व्हीजी प्लस, व्हीजी ('व्हेरी गुड'), गुड आणि खाली. तबकडीला एक आणि कव्हराला एक असे दोन दर्जे द्यायचे, आधी तबकडीचा. पुस्तक असेल तर त्याचा तिसरा शेरा शब्दांत लिहा: 'पानं पूर्ण, पान ६ वर पेन्सिल'. तबकडी बघताना एकाच उघड्या बल्बखाली तिरपी धरून सावकाश फिरवा. खोलीच्या पसरट उजेडात अर्धे ओरखडे दिसत नाहीत. दिसणारा चरा नखाला लागतो का ते बघा. लागला तर तो वाजणार. मुलांच्या रेकॉर्ड्समध्ये खऱ्या निअर मिंट प्रती इतक्या थोड्या, की एका खोक्यात तुम्ही तीनपेक्षा जास्त लिहिल्या असतील तर पुन्हा तपासा.

पट्टी अशी: निअर मिंटचा दर १०० धरला तर व्हीजी प्लस ५०, व्हीजी २५, गुड १० ते १५. पुस्तक हरवलं असेल तर या पट्टीत बसवू नका, तो वेगळाच माल झाला. समजा एका संचाचा निअर मिंट दर ४० डॉलर दिसतोय. तुमची तबकडी व्हीजी, कव्हर व्हीजी, पुस्तक पूर्ण: १० डॉलर. त्यातून विक्रीच्या संकेतस्थळाचे १३ ते १५ टक्के आणि पॅकिंगचा खर्च वजा करा. उरतात सात-आठ. दुकानदाराला दिलात तर तो विक्रीच्या दराच्या साधारण तिसरा हिस्सा देईल, आणि ते अन्याय्य नाही. साठातले चाळीस नग त्याच्याकडेही पडूनच राहणार असतात.

तो ४० चा आकडा कुठून आणायचा? मागितलेल्या किमतीतून कधीच नाही. ईबेवर 'सोल्ड' हा पर्याय लावून खरोखर विकलेले नग बघा. त्यात साधारण गेल्या ९० दिवसांचेच दिसतात. डिस्कॉग्ज या रेकॉर्ड्सच्या नोंदी आणि विक्रीच्या संकेतस्थळावर प्रत्येक आवृत्तीच्या विक्रीचा सर्वांत कमी, मधला आणि जास्त दर दिसतो, पण मुलांच्या सहा इंची ७८ तिथे नीट नोंदलेल्या नसतात, म्हणून दोन्ही बघा. तुमच्या दर्जाच्या तीन ते पाच विक्री घ्या आणि मधली पकडा. सर्वांत वरची सोडून द्या. दोन हट्टी माणसं एका लिलावात भिडली की तो आकडा तयार होतो, परत येत नाही. नाताळच्या रेकॉर्ड्सचा दर ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला बघा, मार्चमधला नव्हे.

आता धुण्याबद्दल. लाखेच्या तबकडीला अल्कोहोल कधीही लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. बाजारातली बहुतेक 'रेकॉर्ड क्लिनर' द्रावणं व्हिनाइलसाठीची असतात आणि त्यात ते असू शकतं. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात भांडी धुण्याच्या सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड, खाचांच्या दिशेने गोल पुसणं, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा एकदा. लेबल कोरडं ठेवा. तबकडी पाण्यात बुडवून ठेवू नका, मालातला भुसभुशीत भाग पाणी पितो. पुसून उभी वाळवा. व्हिनाइललाही हेच पुरतं. पुठ्ठ्याच्या आणि चित्रांच्या तबकड्यांना पाणी नाही, फक्त कोरडा मऊ ब्रश. बुरशी आली असेल तर तो नग आधी खोक्यातून वेगळा करा आणि मास्क लावून घराबाहेर झटका.

कव्हरावरचा किमतीचा स्टिकर काढायचा असेल तर हेअर ड्रायर कमी उष्णतेवर दहा-पंधरा सेकंद. त्याआधी तबकडी बाहेर काढा. आत राहिली तर कव्हर स्वच्छ आणि तबकडी वाकडी, असा सौदा होतो. जुन्या दुकानाचा छापील स्टिकर मात्र ठेवलेला बरा, घेणाऱ्यांना तो आवडतो.

वाजवून बघायचं तर ७८ साठी वेगळी सुई लागते. एलपीच्या सुईचं टोक १८ ते २५ मायक्रॉनचं, ७८ च्या खाचेला ७५ च्या आसपासचं हवं. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि चांगली रेकॉर्डही खरखरते. उलट चूक जास्त महाग: गोल्डनची प्लॅस्टिकची ७८ चावीच्या ग्रामोफोनवर पोलादी पिनेने लावली की एका वाजवण्यात गेली. 'हौस म्हणून एकदा' ही वेळच येऊ देऊ नका.

एचएमव्हीच्या दोन ईपी या हिशेबात धरू नका. त्या दमदमच्या कारखान्यातल्या ४५ च्या, लहान भोकाच्या, अडॉप्टरशिवाय वाजणाऱ्या. अमेरिकेत त्यांना जवळजवळ गिऱ्हाईक नाही. मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरच्या दुकानांत मराठी बालगीतांना विचारणारे आहेत, पण दर चित्राचं कव्हर धड आहे का यावर ठरतो. कंपनीचं साधं कव्हर असेल तर तो खाली येतो. पाठवण्याचा खर्च धरला तर ठेवणंच शहाणपणाचं. चांगल्या सुईवर एकदा वाजवून २४ बिट वेव्ह फाइलमध्ये उतरवून घ्या आणि एमपी३ त्यातून करा, थेट एमपी३ मध्ये नको.

विकताना खोका तीन भागांत करा. कॅपिटल, पॉवर, व्होग, जे-८ सारखे नग एकेक. लिटल गोल्डन आणि डिस्नेची पुस्तकं विषयवार दहा-पंधराच्या गठ्ठ्यात, म्हणजे काउबॉय एका गठ्ठ्यात, प्राणी दुसऱ्यात. उरलेलं चर्चच्या किंवा ग्रंथालयाच्या विक्रीला. तीन डॉलरची एक रेकॉर्ड पाठवायला मीडिया मेल या पुस्तकं-रेकॉर्ड्सच्या स्वस्त टपालानेही चार-पाच डॉलर पडतात, म्हणून सुटी विकून काहीच उरत नाही.

पॅकिंगमध्ये लाखेचे संच हमखास मोडतात, आणि ते अल्बममध्ये ठेवून पाठवल्यामुळेच. बांधणीच्या कण्यावर दाब आला की आतल्या तबकड्या कडेला तुटतात. तबकड्या बाहेर काढा, प्रत्येक कागदी पाकिटात घाला, दोन तबकड्यांमध्ये पुठ्ठा द्या. गठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना नालीदार पुठ्ठ्याचे दोन-दोन थर लावा, एकाच्या नाळ्या उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या. हा गठ्ठा हलणार नाही असा एका खोक्यात, आणि तो खोका चारही बाजूंनी दोन इंच भरण असलेल्या दुसऱ्या खोक्यात. रिकामा अल्बम आणि पुस्तक वेगळ्या सपाट पाकिटात, त्याच बाहेरच्या खोक्यात. बंद केल्यावर खोका कानाशी धरून हलवा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडा.